प्रकल्प नोंदी : कर्ली नदीत जिवंत गांडुळावर गरवणे

९ जून २०२४, रविवार. देवबाग

आमच्या घरी निवास-न्याहारीसाठी उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी अनेकांना खाडीत गरवायचे, म्हणजे गळाने मासे पकडायचे असते. बहुतेकांकडे रॉड-रील असते आणि आमिष म्हणून रबराचे किंवा प्लास्टिकचे रंगीत मासे असतात. उन्हाळ्यातल्या नितळ पाण्यात ते चालतात. मृगाचा पाऊस पडून नदी गढूळ झाली की मात्र माशाला ते दिसतच नाहीत. गढूळ पाण्यात मासा अन्न शोधतो ते वासाने आणि हालचालीने. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी गेलेली पार्श्वरेषा पाण्यातली बारीकशी थरथरही टिपते, आणि शिंगाळ्यासारख्या माशाला तर मिशांनी चवही कळते. वळवळणारे जिवंत गांडूळ वास आणि हालचाल दोन्ही पुरवते, म्हणून यंदा मृगापासून दिवाळीपर्यंत त्याच आमिषावर काम करून नोंदी ठेवण्याचे ठरवले आहे. कोणते आमिष कोणत्या पाण्यात चालते, कोणता मासा ते घेतो आणि ते किती वेळ जिवंत राखता येते, एवढ्याच प्रश्नांपुरता हा प्रकल्प आहे.

जागा तीन घेतल्या आहेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ भंगसाळ नदीचे पाणी गोडे आहे. तीच नदी पुढे कर्ली होऊन नेरूरपारच्या पुलाखाली येते तेव्हा ऋतूप्रमाणे कमी-अधिक मचूळ असते. आणि देवबागला एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, म्हणजे पाणी खारेच. आमिषेही दोन आहेत : बागेतले गांडूळ आणि खाडीच्या चिखलात राहणारा किडा. सोबत पुतण्या आहे, आणि आयुष्यभर हाताने तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टाकून गरवत आलेले शेजारचे आबा आहेत. प्रकल्पाचा बेत ऐकल्यावर आबांचे पहिले वाक्य होते, "खाऱ्या पाण्यात काडू टिकाचो नाय." काडू म्हणजे गांडूळ. ते पडताळून पाहणे हेही कामात धरले आहे.

१ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रचलित नौकांना समुद्रातल्या मासेमारीची बंदी असते. आमचे सारे काम काठावरून, हाताने टाकायच्या दोरीवर किंवा काठीवर चालणार असल्याने त्या बंदीत ते येत नाही. तरीही पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ आहे हे लक्षात ठेवून गाबोळीने (अंड्यांनी) भरलेला मासा परत सोडायचा, असे आम्ही आपसात ठरवले आहे.

१३ जून, गुरुवार. देवबाग

आज गांडुळे गोळा केली. न्हाणीचे पाणी ज्या माडांना सोडले आहे त्यांच्या आळ्यात, कुजलेल्या झावळ्यांखाली, ती सहज सापडतात. उघड्या रेताड जागी मात्र शोधून उपयोग नाही. कुदळीने एकदा ढेकूळ वर काढावे आणि पुढे ते हातानेच फोडावे, कारण कुदळीचा प्रत्येक घाव एखादे गांडूळ तोडतो. तोडलेल्या गांडुळाची दोन गांडुळे होतात हा समज गावात अजून पक्का आहे. प्रत्यक्षात डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते, शेपटीकडचा भाग मात्र मरतो आणि डब्यात बाकीच्यांनाही नासवतो.

साठवणीसाठी माशांच्या बर्फाचा जुना थर्माकोलचा खोका घेतला आहे. तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा, त्यावर वाळलेला पाला, वर ओले वर्तमानपत्र, आणि झाकणाला बारीक भोके. गांडूळ कातडीनेच श्वास घेते, त्यामुळे भुसा ओलसर हवा, पण मुठीत दाबला तर पाणी निथळता कामा नये. मुंग्यांसाठी खोक्याखालच्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवले आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात या एका उपायावाचून खोका चार दिवस टिकणार नाही. भुशात एक-दोन दिवस ठेवलेल्या गांडुळाच्या पोटातली माती निघून जाते, त्याची कातडी चिवट होते आणि ते गळावर जास्त वेळ राहते, म्हणून खणल्या दिवशीच ते वापरायचे नाही.

गांडूळखताच्या खड्ड्यातली तांबडी गांडुळेही एका शेतकऱ्याकडून आणली होती. ती आयसेनिया फेटिडा जातीची असतात, बारीक असतात आणि दाबली गेली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात. गळ ओवेपर्यंतच ती अर्धमेली होतात. माझ्या मते ती खतासाठी चांगली आहेत आणि तिथेच राहावीत.

२३ जून, रविवार. देवबाग

आबांच्या वाक्याची परीक्षा घेतली. काचेच्या तीन बरण्या भरल्या : घरच्या विहिरीचे पाणी, नेरूरपारहून बाटलीत आणलेले पाणी आणि समुद्राचे पाणी. प्रत्येकीत सारख्या जाडीची गांडुळे सोडली.

समुद्राच्या पाण्यात पडताक्षणी गांडूळ जोरजोराने पिळवटले, अंगाभोवती पांढरट बुळबुळीत आवरण सुटले, आणि काही मिनिटांत ते ढिले होऊन तळाला पडले. कारण शाळेच्या पुस्तकातलेच आहे : बाहेरच्या पाण्यात मीठ जास्त, शरीरात कमी, त्यामुळे शरीरातले पाणी कातडीवाटे बाहेर ओढले जाते. विहिरीच्या पाण्यातली गांडुळे संध्याकाळीही हलत होती; हवा मिसळलेल्या गोड्या पाण्यात गांडूळ बुडून लगेच मरत नाही. नेरूरपारच्या पाण्यातली गांडुळे आज जवळपास तितकीच जोमदार राहिली, कारण चार दिवसांच्या पावसाने तिथले पाणी बरेच गोडे झाले आहे. हीच परीक्षा पाऊस संपल्यावर पुन्हा घ्यावी लागेल, कारण मधल्या जागेचे उत्तर वर्षभर एकच असणार नाही.

३० जून, रविवार. कुडाळजवळ, भंगसाळ

पाणी चहाच्या रंगाचे, ओढ मध्यम. मुख्य धारेत आमिष टाकण्यात अर्थ नव्हता; काठच्या वळणाआड, जिथे पाणी संथ फिरते आणि पालापाचोळा जमतो, तिथे बसलो. तंगूस बारीक, शिसे अगदी हलके.

गांडूळ लावण्याची पद्धत आबांनी दाखवली. अंगावर जो फिकट, जाड पट्टा असतो तिथून गळाचे टोक आत घ्यायचे, गळाच्या दांडीवर ते थोडे सरकवायचे आणि शेपटीकडचा भाग मोकळा सोडायचा. सगळे गांडूळ गळावर गुंडाळून गोळा करणारे पुष्कळ आहेत. तसे केल्याने आमिष चोरीला जात नाही हे खरे, पण ते हलतही नाही, आणि मग मेलेले आणि जिवंत यांत फरक उरत नाही.

शिंगटी, म्हणजे गोड्या पाण्यातला मिशांचा मासा, लगेच लागली. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो, त्यामुळे गळ सोडवताना ती ओल्या फडक्यात पकडावी. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, कारण त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. नंतर डॉक्टरांकडे जावेच. वाम माशाची पकड निराळी आहे : तो आमिष ओठांनी चाचपत राहतो, दोरीला नुसती कुरकुर जाणवते, आणि घाईने झटका दिला की रिकामा गळ वर येतो. "त्येका गिळूक दी," असे आबा दोन वेळा म्हणाले आणि तिसऱ्या वेळी पुतण्याच्या हातावर हात ठेवून त्यांनीच दोरी रोखून धरली. चढणीचे, म्हणजे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे याच दिवसांत वर येतात. पोट फुगलेली एक शिंगटी परत सोडली.

पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि गोठ्याशेजारी गांडुळे खणताना पायांत गमबूट आणि हातांत मोजे असावेत. सिंधुदुर्गात लेप्टोचे रुग्ण याच काळात आढळतात आणि उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून तो आजार जखमेवाटे शरीरात शिरतो. पाहुण्यांच्या मुलांना बांधावर खणायला पाठवायचे नाही, हे लिहून ठेवतो.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. नदीला पूर आहे, काम बंद. खोक्यातला भुसा बदलला.

११ ऑगस्ट, रविवार. नेरूरपार

आज श्रावण शुद्ध सप्तमी. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांना पाठ असतो; त्याप्रमाणे सव्वापाचला पूर्ण भरती धरली आणि दुपारी चढत्या पाण्यावर बसलो. सप्तमी-अष्टमीला भांगाचे पाणी असते, चढ-उतार कमी आणि ओढही कमी, त्यामुळे हलक्या शिशावर आमिष तळाशी एका जागी ठेवता येते.

इथे गांडूळ चांगलेच चालले. काळुंदराचे तोंड लहान असते आणि तो बहुतांशी शेवाळ व तळाचा कुजका गाळ खाणारा मासा आहे, पण गांडळाचा छोटा तुकडा बारीक गळावर दिला तर तो सोडत नाही. तो आमिष गिळत नाही, टोचतो. म्हणून दोरीला बुचाचा लहान तुकडा बांधावा आणि बूच आडवे सरकू लागले की दोरी उचलावी. केरळात याच माशाला करिमीन म्हणतात आणि २०१० पासून तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. तिथल्या पाहुण्यांना आमच्याकडे तो गांडुळावर मिळतो याचे नवल वाटत नाही, कारण त्यांच्याकडेही तो तसाच धरतात.

केंडांनी मात्र निम्मे आमिष फस्त केले. त्यांच्या जबड्यातल्या चार दातांच्या धारदार पट्ट्यांची चोचच झालेली असते, आणि तिने ते आमिषाबरोबर कधी तंगूसही कापून नेतात. एक केंड वर आला तो फुगून गोल झाला होता. हा मासा विषारी आहे आणि शिजवल्यानेही ते विष जात नाही, ही सूचना पाहुण्यांच्या कागदावर सर्वांत वर हवी. केंड एकदा जमले की आमिष वाया घालवण्यापेक्षा जागा बदलावी.

२० ऑगस्ट, मंगळवार. देवबाग

नारळी पौर्णिमेनंतरची प्रतिपदा, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मालवणकडे मुंबईइतके पाणी खाली जात नाही, पण उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या अंगाचा चिखल बराच उघडा पडतो. खाडीतला किडा शोधायला आज सुरुवात केली.

आम्ही आधी रेतीतच खणत होतो. पलीकडे मुळे (शिंपल्यांतले जीव) वेचणाऱ्या काकींनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हयसर नुसती रेव आसा, चिखल थयसर." चिखल आणि रेती जिथे मिसळतात, पृष्ठभागावर बारीक भोके दिसतात आणि पाय टाकला की त्यांतून पाणी उडते, ती जागा त्यांनी दाखवली. मुळे आणि खुबे काढणाऱ्या बायकांच्या हाताला हे किडे रोजच लागतात. त्यांना ते निरुपयोगी असल्याने आजवर त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

पहिला किडा वीतभर लांब निघाला. रंग हिरवट-तपकिरी, पाठीच्या मधोमध रक्ताची लाल रेघ, आणि अंगाच्या प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना होडीच्या वल्ह्यांसारखे मांसल पाय, जे लाटेने एकामागून एक हलतात. हा नेरीसच्या कुळातला, म्हणजे गांडुळाचाच दूरचा समुद्री नातलग आहे. डोक्यामागे चिमटीत धरल्यावर त्याने घसा उलटा करून बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला दोन काळे, आत वळलेले जबडे उघडले. पुतण्याच्या बोटाला ते लागले. जखम होत नाही, पण दचकायला होते. हाच क्षण गळ ओवायचा आहे : जबडे उघडे असताना टोक तोंडातून आत न्यायचे आणि दांडीभर सरळ ओवून शेपटी मोकळी ठेवायची. तुटला तर त्यातून लाल रक्त गळते, आणि त्या वासालाही मासा येतो.

दोन नियम ठरले. तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांच्या मुळांशी खणायचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनाच्या नासधुशीवर बंदी घातली आहे, आणि ती नसती तरी माशांची पिल्ले ज्या मुळांत वाढतात तिथेच आमिषासाठी कुदळ चालवणे शहाणपणाचे नव्हे. दुसरा नियम असा की प्रत्येक खड्डा लगेच बुजवायचा, कारण भरती येताना काकींसारख्यांचे पाय त्यातच अडकतात.

हात धुण्याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. जपानात आमिषासाठी वापरल्या जाणाऱ्या एका समुद्री किड्याच्या मेलेल्या अंगावर बसलेल्या माश्या मरतात हे गरवणाऱ्यांच्या लक्षात आले होते. १९३४ मध्ये नित्ता या संशोधकाने त्या किड्यातले विषारी द्रव्य वेगळे केले, त्याला नेरीसटॉक्सिन हे नाव मिळाले, आणि पुढे त्याच्याच रचनेवरून साठच्या दशकात कारटाप हे कीटकनाशक तयार झाले. भातावरच्या खोडकिड्यासाठी आपण जे दाणेदार कारटाप वापरतो त्याचे मूळ अशा रीतीने गळाच्या आमिषात आहे. तो किडा दुसऱ्या कुळातला होता. तरीही खाडीतले किडे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही, हे बंधन पाळणे बरे.

२५ ऑगस्ट, रविवार

खाडीतला किडा साठवणे गांडुळापेक्षा अवघड आहे. त्याला गोडे पाणी लागता कामा नये. पावसाचे पाणी डब्यात शिरले की तो फुगतो आणि मरतो. पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा खाडीच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या वर्तमानपत्रात, पसरट ट्रेमध्ये, एकमेकांपासून मोकळे ठेवलेले किडे जास्त टिकले. दाटीत ते एकमेकांना चावतात. तुटलेले आणि मेलेले सकाळ-संध्याकाळ काढून टाकावे लागतात, कारण एक मेला की बाकीचे पाठोपाठ जातात. ट्रे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवण्यास घरातून विरोध झाला आणि तो मान्य केला आहे. आता ट्रेखाली बर्फाच्या बाटल्या ठेवतो.

१५ सप्टेंबर, रविवार. देवबाग

भाद्रपद शुद्ध द्वादशी : सकाळी नऊला भरती, तीनला ओहोटी. तीननंतर पाणी चढू लागले तसे खाडीच्या तोंडाजवळच्या रेतीवर उभे राहून गरवले. यंदाचे सर्वांत चांगले काम आज झाले.

मुडदुशी ही तळाच्या रेतीत तोंड खुपसून किडे शोधणारी मासळी आहे, आणि घाबरली तर स्वतःच रेतीत शिरते. पाणी चढताना ती उथळावर येते, म्हणून खोल पाण्यात आमिष फेकण्याची गरज नसते. गुडघाभर पाण्यापलीकडे टाकून हळूहळू ओढत आणले की पुरते. गळ ८ किंवा १० नंबरचा, लांब दांडीचा घ्यावा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांना सांगावे लागते. खाडीचा किडा आणि गांडूळ अशा दोन दोऱ्या शेजारी शेजारी टाकल्या. गांडूळ पाण्यात पडल्यापासून काही मिनिटेच कामाचे होते आणि पुढे नुसते लोंबकळत होते. सारख्या बदलत राहिलेल्या गांडुळावर एखादी मुडदुशी लागली, पण किड्याची दोरी टाकायला आणि काढायला हात पुरला नाही. खाऱ्या पाण्यापुरते आबांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. त्यांनी घरी जाताना त्यावर काही भाष्य केले नाही, मुडदुश्या तेवढ्या वाटून घेतल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार. नेरूरपार

सर्वपित्री अमावास्या. पुलाच्या खांबांपाशी तांबोशीसाठी किडा आणि जिवंत सुंगटे (कोळंबी) अशी तुलना केली. तांबोशी आडोशाला दबा धरून बसणारी शिकारी मासळी आहे, आणि तिने सुंगट्यालाच पसंती दिली. किड्यावर लहान शिंगाळे तेवढे आले. किडा हे सर्व माशांचे आमिष नाही. तळ चाचपून खाणाऱ्या, लहान तोंडाच्या माशांसाठी त्याला तोड नाही, पण मोठ्या तांबोशीसाठी तो खणत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार. नेरूरपार आणि देवबाग

पाऊस गेला, ऊन कडक झाले आहे. जूनची बरणीची परीक्षा पुन्हा घेतली. नेरूरपारच्या पाण्यात आता गांडूळ समुद्राच्या पाण्याइतक्या लवकर नव्हे, पण लवकरच ढिले पडते. नदीची गोड्या पाण्याची आवक घटली की भरतीबरोबर खारे पाणी वर सरकते, आणि त्याबरोबर गांडुळाची हद्दही वर जाते. जून ते सप्टेंबर पुलापाशी गांडूळ चालेल. ऑक्टोबरपासून तिथे किडा घ्यावा आणि गांडळासाठी कुडाळकडे जावे. पुलाखालचे पाणी जिभेला लागले की मीठ कळते का, एवढी कसोटी पाहुण्यांना पुरेशी आहे.

उन्हामुळे साठवणीतही बदल केले. गांडुळांचा खोका पडवीतून न्हाणीच्या भिंतीला हलवला. किडे आता आदल्या दिवशी न काढता त्याच दिवशीच्या ओहोटीला काढायचे आणि दुपारपर्यंत संपवायचे. उरलेले किडे जिथून काढले त्याच चिखलात सोडायचे. गांडुळे मात्र नदीत न फेकता माडाच्या आळ्यात परत टाकायची.

पाहुण्यांसाठीचा कागद या आठवड्यात छापून घेतो. त्यात केंड आणि शिंगाळ्याच्या सूचना आधी येतील, नंतर पाणी पाहून आमिष निवडण्याची माहिती, आणि शेवटी तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब. प्रत्येकाला मूठभरच किडे द्यायचे ठरले आहे. जास्त हवे असतील तर त्याने आमच्याबरोबर येऊन खणावे आणि खड्डा बुजवावा. पुढची चांगली ओहोटी दिवाळीच्या अमावास्येला, १ नोव्हेंबरला पहाटे आहे, पण त्या दिवशी घरात लक्ष्मीपूजनाची गडबड असल्याने २ तारखेला सकाळी सातच्या ओहोटीला पुतण्या जाईल आणि काकींना विचारून नवी जागा धरील.